पडलेल्या माणसाचा मेंदू

"जल्दी कर, भिकनभाई," डॉक्टर म्हणाला. "दादर परथी पडी गई छे. एटलुं ज लखवानुं छे."

जिन्यावरून पडली, एवढंच लिहून त्याला मोकळं व्हायचं होतं. भिकनच्या हातातली छिन्नी हलेना. सुरतच्या त्या सरकारी दवाखान्याच्या मुडदाखोलीत एकोणीस वर्षं त्यानं डोकी उघडली होती. गिरणीच्या पट्ट्यात सापडलेली, रुळावर गेलेली, दारूच्या अड्ड्यावर फुटलेली. पण आज टेबलावर त्याची सून होती, सुंदरा. नव्या डॉक्टरला ते ठाऊक नव्हतं. भिकननं सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर ते डोकं दुसऱ्याच्या हाती गेलं असतं, आणि त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

बाहेर लिंबाखाली हवालदाराशेजारी त्याचा पोरगा बसला होता. लोटू, कतारगामला मागावर काम करणारा, एकुलता एक. "आबा, दादरवरथून पडनी ती," एवढंच तो सकाळपासून घोकत होता.

घाव डोक्याच्या मागच्या बाजूला होता; रक्तानं चिकटलेल्या केसांत एकच आहे की जास्त, ते कळत नव्हतं.

अक्षरशत्रू असला तरी भिकनला मेंदू तोंडपाठ होता. आधीचे म्हातारे डॉक्टर पोरांना शिकवताना त्याच्याच ओंजळीत मेंदू ठेवायचे. कपाळामागं अक्कल आणि लाज. डाव्या कानाच्या वर बोलणं. पार मागं नजर, तिच्याखाली तोल सांभाळणारा लहान मेंदू, आणि तळाशी देठ, ज्याच्यावर श्वास चालतो. आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली होती. माणूस पडून मागं आपटला, की आतला मेंदू हिंदकळतो आणि पुढून काळा पडतो. उभ्या माणसाला कुणी हाणलं, तर घावाच्या खालीच काळा पडतो.

पुढून काळा असू दे, देवा, एवढंच तो मागत होता.

भिकनच्या हातचं पाणी भाऊबंद घेत नसत. मुडद्याचे हात म्हणत. सुंदरा मात्र तो घरी आला की उंबऱ्यावरच तांब्यानं त्याच्या हातांवर पाणी घाली आणि मग जेवायला वाढी. एकदा सुजलेला गाल पदराआड धरून तिनं विचारलं होतं, "मामा, डोकामा राग कोठे ऱ्हास?"

"तो माले आजून सापडना नही, पोरी," तो म्हणाला होता. आणि वर म्हणाला होता, "सहन कर." ते आठवलं आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

त्यानं करवत फिरवली. मग छिन्नी लावून हातोडीचा घाव घातला, एक, दोन, तीन. हाड करकरलं. कवटीचं झाकण सुटलं. त्यानं आधी पुढचा भाग बघितला. स्वच्छ, कोवळा, कुठं डागसुद्धा नाही. मग त्यानं मेंदू ओंजळीत उलटा केला. मागचा भाग काळा ठिक्कर, चेंदलेला. आणि एक नाही, तीन घाव होते.

"लखी नाखुं?" डॉक्टरनं पेन उघडलं.

गप्प राहिलं तर पोरगा वाचत होता.

"साहेब, लिखो मत," तो म्हणाला. "ही पडली नाही. पडलेल्या माणसाचा मेंदू पुढून फुटतो. हा मागूनच फुटलाय. हे बघा."

डॉक्टर वाकला, बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तेरी कौन लगती है?"

"सून."

डॉक्टर हवालदाराला हाक मारायला गेला.

भिकननं मेंदू जागेवर ठेवला, झाकण बसवलं, बारीक टाके घातले. केस धुतले, मधोमध भांग पाडून अंबाडा बांधला. टाके दिसेनासे झाले.

तो बाहेर आला तेव्हा लोटूच्या दंडाला हवालदाराचा हात होता. "मना हात उठी गया, आबा," लोटू रडत म्हणाला. "तू तरी सांग यासले, ती पडनी."

"मी आत बघी उनू, लोटू," भिकन म्हणाला. आत बघून आला होता, ते खोटं करता येत नव्हतं. पोटचा गोळा होता. गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत तो बघत राहिला.

उन्हं कलताना तो घरी पोचला. सवयीनं उंबऱ्यावर बसला, दोन्ही हात पुढं केले. आतून कुणी आलं नाही. बराच वेळ हात तसेच होते. मग तो उठला आणि त्याच हातांनी त्यानं माठातून तांब्या भरून घेतला.