मुद्दाम केलेली चूक

सगळ्याच्या सगळ्या पेपरांत तीच चूक बघून गणिताच्या बाईंनी लाल पेन टेबलावर आपटलं. बरोबरच्या चिन्हापलीकडे आकडा नेताना एकाही पोरानं अधिकचं उणे केलं नव्हतं. कॉपी म्हणावी, तर अख्खा वर्ग कोणाची करणार? मग डोक्यात प्रकाश पडला आणि बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. हे तर आपलेच प्रताप.

मुख्याध्यापिकेनं फर्मान काढलं होतं, प्रत्येकानं आपापल्या वर्गासाठी चॅटबॉट बनवायचा, पोरांना घरी अभ्यासाला मदत होईल. बाई कुरकुरल्या, पण करायचं तर नीट, हा स्वभाव. सुट्टीभर खपून त्यांनी त्याला आपल्या सगळ्या सवयी शिकवल्या. त्यातली खास म्हणजे गणित सोडवताना मधेच मुद्दाम चुकायचं. बाईंच्या तासाला चूक पकडणाऱ्याच्या हातात डस्टर मिळायचं आणि त्यानं ऐटीत येऊन ती पुसायची. त्या डस्टरसाठी पोरं डोळ्यांत तेल घालून फळ्याकडे बघायची. चॅटबॉटही इमानेइतबारे चुकत राहिला. त्याला कोणी पकडलंच नाही.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, ती सवय काढून टाका, विषय मिटला. घरी नवऱ्यानंही तेच ऐकवलं, वर हसला. बाईंचा नुसता संताप संताप झाला. सवय काढता येईल हो, पण पोरांची नजर मेली त्याचं काय? एवढ्या वर्षांत दुसरं शिकवलं तरी काय होतं त्यांनी?

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर तेच गणित घातलं, तीच चूक केली आणि डस्टर पुढे धरून उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या माना खाली, पेनं चालूच. शेवटी खिडकीजवळच्या चिमणी नावाच्या पोरीनं हात वर केला. एके काळी रोज डस्टर पटकावणारी हीच ती.

"बाई, तिथं उणे हवं ना?"

बाईंना भरून आलं. "ये, पूस."

चिमणी उठली आणि निम्म्या वाटेत थांबली. "पण चॅटबॉटनं असंच सोडवलं होतं. आधी त्याला विचारून येऊ?"

"तुला चुकलेलं दिसतंय ना?"

"दिसतंय. पण तरी..."

बाईंनी डस्टर धरलेला हात खाली घेतला नाही.