कान तुटलेल्या कपातलं विरजण

दही लावायचं यंत्र लेकीने आणलं. पांढरं, गोल, आत सहा काचेच्या बरण्या आणि पुढे दोन बटणं.

"आई, आता करंगळी भाजून घेणं बंद," ती म्हणाली. "दूध बरण्यांत ओतून वरचं बटण दाबायचं. दूध उकळून परत कोमट झालं की टिंग वाजेल. मग विरजण घालायचं आणि खालचं बटण. सहा तासांत दही तयार."

"आणि खायला कोण येणार, यंत्रच?"

"ते तुझा जावई बघेल. नीट ऐकलंस ना? आधी वरचं, मग विरजण, मग खालचं."

"चाळीस वर्षं कारखान्यात शिवणयंत्र चालवलंय मी. दोन बटणांचं काय कौतुक सांगतेस!"

माहेरी तिला थोरली म्हणत, आणि सत्तरी उलटली तरी ते नाव सुटलं नव्हतं. दही लावायची तिची रीत आईची होती. तापवलेल्या दुधात करंगळी बुडवायची. दहा आकडे मोजेपर्यंत बोट ठेवता आलं, की दूध विरजणाला तयार. विरजणही आईचंच. फ्रिजच्या वरच्या फळीवर, कान तुटलेल्या कपात. दही लागलं की कुणाच्या ताटात पडण्याआधी दोन चमचे त्या कपात जायचे. तीन घरं बदलली, नवरा गेला, पण विरजण तिने मोडू दिलं नव्हतं. आई जाऊन सव्वीस वर्षं झाली. आईच्या हातचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने सहा बरण्यांत दूध ओतलं, कप खरवडून प्रत्येकीत थोडंथोडं विरजण घातलं, झाकण लावलं आणि वरचं बटण दाबलं. विरजण मागे ठेवायचं तिच्या मनात आलं होतं. पण सहा तासांचा तर प्रश्न, म्हणून तिने कपही धुऊन पालथा घातला. टिंग वाजली तेव्हा ती गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. टिंग कशासाठी, हे तिला तेव्हा आठवलं. झाकण उघडलं तर सगळ्या बरण्यांत दूध फाटलेलं. वर पिवळसर पाणी, खाली चोथा.

लेक धावत आली तेव्हा थोरली ओट्यापाशी पालथा कप हातात घेऊन उभी होती.

"उकळलं गं मी. आईचं विरजण उकळलं."

"अगं, रडतेस काय! मावशीकडे आहे ना. आजी गेल्यावर तूच नाही का दिलंस तिला? थांब, आत्ताच फोन लावते."

"नको," थोरली म्हणाली. पण लेकीने फोन कानाला लावलासुद्धा.

का नको, ते तिला सांगता येईना. सव्वीस वर्षांत ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

आई आठ महिने अंथरुणाला खिळली होती. धाकटी परगावी नर्स. पुढच्या महिन्यात येते, पुढच्या महिन्यात नक्की येते, असं फोनवर सांगायची. "जगाच्या आयांना औषध पाजते, स्वतःच्या आईला बघायला वेळ नाही," असं थोरली येईल-जाईल त्याला ऐकवायची. खरी आग वेगळीच होती. आईला न्हाऊ-माखू घालायची थोरली, आणि शेवटी शेवटी आई तिलाच धाकटीच्या नावाने हाक मारायची. धाकटी आली ती सगळं आटोपल्यावर. तीन दिवस राहिली. ना दागिना मागितला, ना भांडं. निघताना म्हणाली, "ताई, थोडं विरजण देतेस?"

थोरली "देते की" म्हणाली, मागच्या दाराने कोपऱ्यावरच्या दुकानात गेली, दह्याचा विकतचा डबा आणला आणि त्यातले दोन चमचे स्टीलच्या डबीत घालून बहिणीच्या हातावर ठेवले. ने आता आईला, असं मनात म्हणाली. आठवडाभर तिला बरं वाटलं. मग पुढच्या भेटीत सांगून टाकू, असं ठरवलं. पुढची भेट झाली, त्याच्या पुढचीही झाली.

दोन बस बदलून, तीन जिने चढून ती धाकटीच्या दारात पोहोचली. धाकटी कमरेच्या दुखण्याने काठी टेकत आली.

"या, यंत्रवाल्या बाई! सहाच्या सहा उकळल्यास म्हणे!"

"हसून घे, चिमणे. हस."

"हसू नको तर काय करू? मला मेलीला जन्मभर शिकवलंस, विरजण आधी काढून ठेवावं म्हणून."

तिने फ्रिजमधून डबी काढली. तीच स्टीलची डबी, झाकण सैल झालं म्हणून रबर लावलेली.

"ही अजून आहे?" थोरलीने विचारलं.

"म्हणजे काय! बदलीच्या गावी मांडीवर घेऊन गेलेय. ऑपरेशनच्या वेळी शेजारणीकडे ठेवलं होतं, चिठ्ठी लिहून. ती म्हणे, बाई, मूल सांभाळायलाही लोक एवढं सांगत नाहीत." धाकटी खुर्चीवर टेकली. "ताई, खरं सांगू? तू देशील असं वाटलंच नव्हतं मला. तोंड फिरवून बसली होतीस तीन दिवस. आणि तुझं चुकत नव्हतं गं, मी यायला हवं होतं. पण तू डबी हातावर ठेवलीस ना, तेव्हा वाटलं, हिने आपल्याला घरातून काढलेलं नाही."

"चिमणे, मला तुला..."

"आधी चव बघ." तिने चमचा थोरलीच्या तोंडापाशी धरला. "तीच ना? आईची?"

दही घट्ट होतं, किंचित आंबट, शेवटी गोडसर. चांगलं होतं. थोरलीने आईच्या दह्याची चव आठवून पाहिली. परवापर्यंत रोज जिभेवर होती, आता नेमकी सापडेना. धाकटी चमचा तसाच धरून तिच्याकडे बघत होती.

"तीच," थोरली म्हणाली.

परतताना डबी तिने दोन्ही बसमध्ये मांडीवर धरली. घरी दूध तापवलं, करंगळी बुडवली, दहा आकडे मोजले.

सकाळी दही वडीसारखं लागलं होतं. लेक वाटी घेऊन आली.

"बघ, मिळालं ना आजीचं विरजण परत!"

थोरलीने आधी दोन चमचे कान तुटलेल्या कपात काढून ठेवले.

"आजीचं नाही," ती म्हणाली. "मावशीचं म्हण. सव्वीस वर्षं तिने सांभाळलंय."

"एकच ना गं ते?"

थोरलीने लेकीची वाटी भरली आणि कप फ्रिजच्या वरच्या फळीवर ठेवला.