भोपळा

परीक्षेत भोपळा मिळाला की पोरं घरी तोंड लपवतात. आम्ही नवरा-बायको मात्र भोपळ्यासाठीच देव पाण्यात घालून बसलो होतो. नवरा सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांत चांदीचे त्याहून बारीक कण कोंबून गोळी तयार करतो. मी ती दांड्याच्या टोकाला लावून थंडगार टाकीत बुडवते आणि तिच्यातून वीज सोडते. विजेला जराही अडथळा झाला नाही, तर मीटरवर शून्य. यातच त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली. सोन्या-चांदीत असा भोपळा आजवर कुणालाच मिळाला नव्हता; लोक त्याला वेडा म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे.

गेल्या आठवड्यात शून्य आलं. नवऱ्याने मला उचलूनच घेतलं. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "मेल्या, नववीत गणितात हाच आणला होतास, तेव्हा कुठे नाचलास?"

उद्या भरल्या सभागृहात तो हे जाहीर करणार होता. मी मात्र स्वभावाने खवचट. आयता आलेला आनंद मला पचत नाही. जेवण झाल्यावर मी प्रयोगशाळेत जाऊन गोळी काढून घेतली आणि नुसता दांडा टाकीत सोडला. गोळीच नाही, तेव्हा मीटरवरचा आकडा सैरभैर पळायला हवा होता.

मीटरवर शून्य.

दोन तारा वीज नेतात आणि दुसऱ्या दोन गोळीतला अडथळा मोजतात. या दुसऱ्या दोघींवरचं वीज अडवणारं रोगण दांड्याच्या तोंडाशी घासून गेलं होतं. दांडा गारठून आकसला की त्या एकमेकींना चिकटत. गोळीची बातमी आणायला पाठवलेल्या दोघी वाटेतच एकमेकींच्या गळ्यात पडून बसल्या होत्या. गोळीला कुणी काही विचारलंच नव्हतं.

मला रडू फुटलं. माझा संशय खोटा निघावा, एवढंच मला हवं होतं.

तेवढ्यात नवरा आत आला. अंगात उद्यासाठी घेतलेला नवा कोट, कानाला फोन. "थांब आई, बघून सांगतो." त्याने मीटरकडे पाहिलं आणि लहान पोरासारखा ओरडला, "आहे गं! भोपळा अजून आहे!"

गप्प बसावं, असं क्षणभर वाटलं. उद्याचा एक दिवस तरी त्याला मिळू द्यावा. पण तो माझ्याकडे वळला, माझे डोळे बघून त्याचं हसू थांबलं. मी मूठ उघडली. तळहातावर गोळी होती.

त्याने गोळीकडे पाहिलं, मग दांड्याकडे, मग पुन्हा मीटरकडे. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. तो कोटासकट खाली फरशीवर बसला.

"काय रे, गप्प का झालास?" फोनमधून सासूबाई विचारत होत्या. "गेला का भोपळा?"

"नाही आई. आहे," तो म्हणाला. "गोळी काढली, तरी आहे."

"अगंबाई! मग हस की मेल्या!" सासूबाई म्हणाल्या, आणि स्वतःच हसत सुटल्या.