दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं

आरेखकाने तबकडी कडांना धरून कव्हरातून बाहेर काढली आणि दंतवैद्याला दोन पावलं मागे सरायला सांगितलं.

“शिंक येतेय का तुला?”

“नाही.”

“मग तसं तोंड करू नकोस.”

“माझं तोंडच असं आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात बघून झालंय.”

खिडकीशी बसलेला विमावाला हसला, पण आवाज न करता. घरात पाहुण्या होत्या. रेकॉर्ड कंपनीच्या तंत्रज्ञ बाई टेबलावर आपलं सामान मांडत होत्या: एक भिंग, एक मऊ ब्रश, फडकं, आणि सुईचा भार मोजायचा काड्यापेटीएवढा काटा. त्यांना कसली घाई नव्हती. आरेखकाने सकाळपासून तीनदा फरशी पुसली होती, हे त्यांना कळलं असावं. आत येताना त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या होत्या.

या खोलीत हे तिघे मित्र वीसेक वर्षं दर रविवारी सकाळी जमत आले होते. ऐकायचं ते एकाच बँडचं. सारं जग ज्याला ओळखतं तो बँड, पण जग ज्या गाण्यांमुळे त्याला ओळखतं ती गाणी वगळून. नियम आरेखकाचा होता: जे गाणं केस कापायच्या दुकानात ऐकू येतं, ते इथे वाजणार नाही. इथे मान उरलेल्यांना. तबकडीची बाजू भरायला म्हणून बँडने जी उरकली, ज्यांच्याबद्दल मुलाखतीत कुणी अवाक्षर काढलं नाही, ती गाणी. एकात ड्रमवाला ताल चुकतो आणि चूक तशीच राहू दिली आहे. एकाच्या शेवटी कोणीतरी खोकतं. खोकला नेमका कोणाचा, यावरून दंतवैद्य आणि विमावाला एकदा महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते.

सगळ्यांत गाजलेल्या गाण्याचं तर नावही काढायचं नाही. त्याला नुसतं ‘ते’ म्हणायचं. ‘ते’ या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला पहिलंच होतं. आरेखक सुई थेट दुसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला उतरवायचा, नकाशावर रेघेच्या टोकाला रेघ जोडावी तशी अचूक. तबकडी घेतली त्या दिवसापासून त्याने ‘ते’ एकदाही वाजवलं नव्हतं. गल्लीबोळांत ऐकू येणारं ते गाणं या एका घरात अजून कोरं होतं.

आणि कंपनीला नेमकं हेच हवं होतं. पहिल्या छपाईत ‘ते’ गाणं शेवटी मिनिटभर जास्त चालतं. पुढे ते शेपूट कापलं गेलं, आणि मूळ टेप कधीच खराब झाली होती. ज्यांच्याकडे पहिली छपाई होती, त्या सगळ्यांनी ‘ते’ प्रेमाने वाजवून वाजवून झिजवलं होतं. ज्याचं प्रेम नाही असा माणूस शोधत कंपनी इथवर पोचली होती. नव्या आवृत्तीच्या कव्हरावर मागच्या बाजूला त्या माणसाचे नावानिशी आभार छापणार होते.

आरेखकाचं नाव आजवर कशावरही छापलं गेलं नव्हतं. पाणीखात्यात आयुष्य गेलं. अर्ध्या शहराचे नळ त्याने आखलेल्या रेघांवरून धावत होते. खाली सही मात्र साहेबांची.

“ज्याच्या नावाने बोटं मोडलीस,” विमावाला पत्र आलं तेव्हा म्हणाला होता, “त्याच्यामुळेच अमर होणार तू.”

“अक्षरं बारीक असणार आहेत,” आरेखक म्हणाला होता. नकार मात्र त्याने दिला नव्हता. उलट कंपनीला लेखी कळवलं होतं, की या गाण्याला माझ्या घरात आजवर सुई लागलेली नाही.

आतल्या खोलीचं दार उघडलं आणि आरेखकाचे सासरे उंबऱ्यात येऊन उभे राहिले. सासूबाई गेल्यापासून ते लेकीकडे राहत होते. वजनमापांचे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. बाजारात त्यांची पावलं वाजली की दुकानदार आपणहून वजनं उलटी करून दाखवत, अशी त्यांची ख्याती. घरातही ते माणसांकडे तसंच बघत, आधी बुडाकडून. हातातलं वर्तमानपत्र सळसळत होतं.

“आज आरडाओरड किती वेळ चालणार आहे, जावईबापू?”

“आज फक्त एकच गाणं, बाबा.”

“एकच?”

“हो.”

सासऱ्यांनी तंत्रज्ञ बाईंकडे पाहिलं, टेबलावरच्या काट्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि दार लावून घेतलं. गेली काही वर्षं दोघांमधलं संभाषण साधारण इतपतच होतं. भांडण कधी झालं नाही. त्यासाठी लागतं तेवढं बोलणंच होत नव्हतं.

तंत्रज्ञ बाईंनी तबकडी घेतली आणि उजेडाकडे तिरकी धरली. भिंग डोळ्याशी नेलं. बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

“तुम्ही लिहिलं होतं, की हे कधीच वाजलेलं नाही.”

“कधीच नाही.”

“हं,” बाई म्हणाल्या.

दंतवैद्याने मान वर केली. हा ‘हं’ त्याच्या ओळखीचा होता. किडलेल्या दाढेवर टोचणी टेकवून तो स्वतः हाच काढत असे.

बाईंनी तबकडी प्लेअरवर ठेवली, भार पाहिला, आणि सुई अगदी कडेला टेकवली. तेल तापलं की येतो तसा आवाज खोलीभर पसरला. त्या तडतडीच्या पलीकडे कुठेतरी बँड गात होता. पहिलं कडवं, दुसरं. तिसऱ्याच्या मध्यावर, आवाज जिथे वर चढायला लागतो तिथे, बाईंनी सुईची दांडी उचलली.

“हे शेकडो वेळा वाजलंय,” त्या म्हणाल्या. “बाकीची गाणीही वाजली आहेत, पण तिथे सुई दर वेळी एकाच जागी उतरलीय. हात बसलेला आहे. इथे कडेला बघा, ओरखड्याशेजारी ओरखडा. हे लावणाऱ्याचा हात थरथरतो. किंवा तो घाईत असतो.”

मग दंतवैद्याने दोन्ही हात सगळ्यांसमोर पसरून धरले.

“माझा हात थरथरत असता तर मला दुकान बंद करावं लागलं असतं.”

“तुला कोणी विचारलं?” विमावाला म्हणाला.

“तू विचारायच्या आत सांगितलं. हे लोक गावाला जातात तेव्हा किल्ली कोणाकडे असते?”

“झाडांना पाणी घालायला असते ती.”

“झाडांनी सांगितलं असेल मग, लाव म्हणून.”

“हे बघ, तुझ्या दवाखान्यात मी परवा ‘ते’ स्वतःच्या कानांनी ऐकलंय. दाढ धरून बसलो होतो बाहेर.”

दंतवैद्याचा चेहरा शिंक आल्यासारखा झाला. “ते उपचार म्हणून लावतो,” तो म्हणाला. “घाबरलेला पेशंट जबडा आवळून बसतो. ते लावलं की सैल सोडतो. ड्रम चुकतो ते लावून पाहिलं होतं. एकाने बोट चावलं.”

“म्हणजे तू ऐकतोस.”

“माझ्या कानांवर पडतं. तू कुठे ऐकतोस?”

विमावाल्याने खिडकीबाहेर पाहिलं. “न्हाणीघरात,” तो म्हणाला. “नळ सोडून.”

“किती वर्षं?”

“पाण्याची टंचाई असते तेव्हा नाही ऐकत.”

एरवी आरेखकाने दोघांना तिथल्या तिथे मंडळातून काढलं असतं. पण त्याचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. तो आतल्या दाराशी उभा होता. चहाचा ट्रे घेऊन त्याची बायको स्वयंपाकघरातून आली होती आणि ती त्याच दारापाशी थांबली होती, एक पाय पुढे टाकलेला, तो तसाच.

बंद दाराआड कोणीतरी गुणगुणत होतं. आवाज जाड, थोडा फुटलेला, शब्द नाहीतच. पण सूर बरोबर होता. बाईंनी सुई जिथे उचलली होती, तिथून तो पुढे गेला, चढायचं तिथे चढला, दम घ्यायचा तिथे थांबला. कडवं संपलं. मग ते शेपूट आलं, फक्त पहिल्या छपाईत असलेलं, केस कापायच्या दुकानात कधीच ऐकू न येणारं. ते अडखळण्याच्या जागांसकट पाठ होतं.

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. ट्रेवरच्या कपांची किणकिण झाली आणि तिने ट्रे पोटाशी धरून ती थांबवली. आई गेल्यापासून तिने त्या दारातून रेडिओवरच्या बातम्यांखेरीज काही ऐकलं नव्हतं.

“हे आम्हाला उपयोगाचं नाही,” तंत्रज्ञ बाई भिंग फडक्यात गुंडाळत म्हणाल्या. “पण मला वर कळवावं लागेल. कोणी वाजवलं ते कळलं तर बरं. नाहीतर लोकांना वाटेल, तुम्ही पत्रात मुद्दाम…”

दंतवैद्य आणि विमावाला एकमेकांकडे बोट दाखवायच्या बेतात होते.

“मी वाजवलं,” आरेखक म्हणाला.

दोघांची बोटं अर्ध्यातच राहिली.

“तू?” विमावाला म्हणाला.

“मी.”

“ते?”

“हो. दुपारी कधी लवकर घरी आलो तर. एकट्याने.”

“अरे, पट्टी न घेता सरळ रेघ मारतोस तू,” दंतवैद्य म्हणाला. “तुझा हात कधीपासून थरथरायला लागला?”

“चोरून करताना थरथरतो.”

“आणि आम्हाला वीस वर्षं तू…” विमावाल्याला वाक्य पुरं करता आलं नाही. न्हाणीघरात वाया गेलेलं सगळं पाणी त्याच्या डोळ्यांसमोर आलं असावं. “मी साबण संपेपर्यंत उभा असायचो रे तिथे.”

तंत्रज्ञ बाईंनी आरेखकाच्या हातांकडे पाहिलं. मग त्याच्या बायकोकडे पाहिलं. “ठीक आहे,” त्या म्हणाल्या, “मालकाकडून वाजवलं गेलं, असं कळवते.”

“कळवा.”

गुणगुणणं कधी थांबलं ते आरेखकाला कळलं नाही. दार उघडलं. सासरे या वेळी वर्तमानपत्राशिवाय आले. त्यांनी चौघांवरून नजर फिरवली आणि ती जावयावर आणून थांबवली. भिंती पातळ होत्या. त्यांना काय ऐकू आलं असेल, हे खोलीतल्या कोणालाही समजलं असतं. ते आरेखकाकडे बघत राहिले, नवख्या दुकानदाराने पुढे केलेल्या वजनाकडे बघावं तसे.

“हे खरं आहे का, जावईबापू?”

“हो, बाबा.”

“तुम्ही वाजवलंत.”

“हो.”

“पहिल्या कडव्यानंतर काय येतं?”

आरेखकाने तोंड उघडलं. नुकतंच ऐकलं होतं, पण तडतडीखाली ते नीट कळलं नव्हतं, आणि त्याआधी केस कापायच्या दुकानात तो कानांवर टॉवेल मागून घेत असे.

सासऱ्यांनी मान हलवली. बाजारात ते दंड करायच्या आधी अशीच हलवत. मग ते टेबलापर्यंत चालत आले आणि तंत्रज्ञ बाईंना म्हणाले, “तुमच्या कागदात चूक करू नका. यांना ते गाणं येत नाही.”

“बाबा, जाऊ दे ना,” आरेखक म्हणाला.

“आयुष्यभर कोणाला खोटं माप वापरू दिलं नाही. आता घरात देऊ?” त्यांनी उजवा हात डाव्या हाताने धरला होता. “सुई हलकी ठेवायची असते, ते मला माहीत आहे. पडत नाही हलकी.”

दंतवैद्य आपल्या पायांकडे बघत होता. तंत्रज्ञ बाईंनी कागदावर टेकवलेलं पेन उचललं आणि टोपण लावलं. टेबलाच्या कडेशी उभ्या असलेल्या लेकीने विचारलं, “पण बाबा, तुम्ही तर म्हणायचात, आरडाओरड आहे म्हणून.”

“आहेच. बाकीची सगळी आहे.” त्यांनी तबकडीकडे बोट केलं. “हे एकच बरं आहे. हे यांनी कधी लावलं नाही. म्हणून लावून बघितलं, एवढं वगळण्यासारखं काय आहे ते.”

आरेखकाने प्लेअरसमोरची खुर्ची ओढली आणि ती बरोबर अंतरावर, टेबलाला काटकोनात ठेवली. एकदा हलवून बघितली. डुगडुगत नव्हती.

“बसा, बाबा,” तो म्हणाला. “अर्धंच झालं होतं. तुम्हीच लावा.”

“पाहुण्यांसमोर?”

“पाहुण्यांचं काम झालंय.”

सासरे बसले. दोन्ही हातांनी दांडी उचलून त्यांनी ती कडेवर आणली. सुई तबकडीवर उतरली, उडाली, पुन्हा उतरली, आणि असा करकरीत आवाज झाला, की तंत्रज्ञ बाईंचे खांदे कानांपर्यंत गेले. आरेखक सुईकडे बघत नव्हता. तो सासऱ्यांचा चेहरा बघत होता.

पहिलं कडवं सुरू झालं. विमावाल्याचा पाय तालावर हलू लागला. त्याने तो खुर्चीखाली ओढून घेतला. तिथेही तो हलत राहिला. बायकोने वडिलांकडे बघत बघत, हाताला लागेल तिथे चहाचा ट्रे टेकवला. तो नेमका तबकडीच्या कव्हरावर टेकला, आणि बशीत सांडलेला चहा ओघळून त्याच्या मागच्या बाजूखाली गेला.

आरेखकाने ते पाहिलं. त्याने एक कप उचलला, आणि जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला.