शिट्टीनंतरचा फटका

रविवारी दुपारी एल्क बेंड गावच्या आईस हॉकीच्या रिंकमध्ये मला एका जागी बसवत नव्हते. बाकड्याचा गारठा हे निमित्त. तसला गारठा मी आयुष्यभर सोसला आहे. खरे कारण हे की मर्व्ह ऑल्सनला रात्रीच्या जेवणाआधी माझ्याकडून एका शब्दात उत्तर हवे होते, आणि तो एक शब्द मला सापडत नव्हता.

ऑल्सन आमच्या ज्युनियर संघाचा व्यवस्थापक आणि मी, ओरेस्ट हनात्युक, त्याचा पारखी. पोटॅशच्या खाणीतली मापकयंत्रे सांभाळण्यात माझी नोकरी संपली, तेव्हापासून कॅनडातल्या या सास्काचेवान प्रांतात गावोगावी हिंडून मुलांचा खेळ पाहणे हेच माझे काम. आमच्या संघात एका आघाडीच्या खेळाडूची जागा ऐनवेळी रिकामी झाली होती आणि खेळाडूंची नोंदणी दुसऱ्या दिवशी बंद होणार होती. ऑल्सनने शेजारच्या अल्बर्टा प्रांतातल्या एका मुलाशी बोलणी करून ठेवली होती. पण त्याआधी रेमी पेल्तिए या मुलाबद्दल मी हो म्हणतो की नाही, एवढे त्याला ऐकायचे होते. रेमी सतरा वर्षांचा होता. या वयात ज्युनियर संघाने उचलले नाही, तर पुढच्या हिवाळ्यात मुलगा गावच्या मोठ्यांबरोबर शनिवारी गंमत म्हणून खेळतो आणि त्याच्यासाठी हॉकी तिथेच संपते.

पहिले सत्र मी डेल फ्रीसेनशेजारी बसून पाहिले. डेल दुसऱ्या संघाचा पारखी, आणि सूर्यफुलाच्या बिया फोडल्याशिवाय त्याला खेळ दिसत नाही.

"तो उजवीकडचा बघ," टरफल पेल्यात थुंकत तो म्हणाला. "पायात वारा भरलाय पोराच्या. पण हावरा! आपल्या बापालासुद्धा चकती द्यायचा नाही."

"त्याचा बाप खेळतोय का इथं?"

"खेळत असता तरी दिली नसती."

हावरा. आमच्या धंद्यात या शब्दाला पाय फुटतात. एका रिंकमध्ये कोणी उच्चारला की आठवडाभरात तो चार गावांच्या कॉफीच्या पेल्यांतून फिरून येतो, आणि त्यानंतर त्या मुलाकडे नव्याने कोणी पाहत नाही. अडचण अशी की डेलचे म्हणणे डोळ्यांना पटत होते. रेमी रिंकच्या उजव्या कडेच्या फळीलगत रबरी चकती घेऊन सुसाट जायचा. मधला खेळाडू मोकळा असायचा आणि स्टिक बर्फावर आपटून ठक्‌ ठक्‌ असा इशारा करायचा. बर्फावर त्या आवाजाचा एकच अर्थ असतो: मी इथे आहे, दे. रेमी द्यायचा नाही. कोपऱ्यात शिरायचा, दोघांच्या कचाट्यात सापडायचा आणि चकती गमवायचा. मधला मुलगा दोन्ही हात पसरून छताकडे बघायचा.

तरीही मी चुळबुळत होतो. तंत्रनिकेतनात आमचे एक मास्तर पहिल्याच दिवशी सांगत, की मापकाचा काटा तिरक्या नजरेने वाचलात तर आकडा खोटा येतो आणि त्यात मापकाचा दोष नसतो. त्या वाक्यावर मी चाळीस वर्षे पगार मिळवला. म्हणून कोणत्याही मुलाला मी एकाच जागेवरून पाहत नाही. प्रत्येक सत्राला बाजू बदलतो.

"निघाला म्हातारा!" डेल म्हणाला. "ओरेस्ट, मूळव्याध झालीय का रे तुला? बस की निवांत."

"तुझी टरफलं माझ्या बुटात पडतात," मी म्हणालो आणि उठलो.

दुसऱ्या सत्रात मी समोरच्या अंगाला जाऊन उभा राहिलो. तिथे शाळकरी पोरांचा घोळका रिंकभोवतीच्या काचेवर मुठी आपटत होता आणि गुरांच्या गळ्यातल्या घंटा वाजवत होता. रेमी त्याच काचेलगत झपाट्याने पुढे निघाला. त्याच वेळी, त्याच्या डाव्या अंगाला, निळ्या रेषेवर रेषापंचाने शिट्टी वाजवली. रेमीचा साथीदार चकतीच्या आधी रेषा ओलांडून गेला होता. खेळ थांबला. सगळे सरळ उभे राहिले. रेमी थांबला नाही. त्याने आणखी तीन-चार ढांगा टाकल्या आणि पूर्ण ताकदीने चकती गोलरक्षकाच्या खांद्यावरून जाळ्यात मारली.

शिट्टीनंतर गोलरक्षकावर फटका मारणे हा आमच्याकडे त्याच्या तोंडावर थुंकण्याइतका अपमान समजला जातो. त्याचे उत्तर काय द्यायचे हे दुधाचे दात पडण्याआधी मुलांना ठाऊक असते. पाहुण्या संघाचा धिप्पाड बचावपटू धावून आला आणि त्याने रेमीच्या जबड्यावर ठोसा लगावला. हेल्मेट उडाले. पोरे चेकाळली.

"मस्ती आलीय का रे?" तो बचावपटू ओरडत होता. "शिट्टी ऐकली नाहीस? बहिरा आहेस?"

मी रेमीचा चेहरा पाहत होतो. अपमान करणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर गुर्मी असते, नाहीतर चोरटे हसू. याच्या चेहऱ्यावर निव्वळ आश्चर्य होते. मग त्याने पंचाचा वर गेलेला हात पाहिला, आणि त्या आश्चर्याच्या जागी भीती आली. ठोशाची भीती नव्हती ती. ठोसा तर केव्हाच बसून गेला होता. ती कोणीतरी पाहिले असेल याची भीती होती.

पंचाने त्याला दोन मिनिटांसाठी रिंकबाहेरच्या शिक्षेच्या खोक्यात बसवले. माझे पाय आपोआप तिकडे वळले. तिथे दार उघडायला हार्वी नावाचा एक निवृत्त टपालवाला असतो. तो रेमीच्या डावीकडे बसला होता आणि समजुतीचे काहीतरी बोलत होता. रेमी समोर बघत होता. शिक्षा संपली, हार्वीने दार उघडून म्हटले, "जा पोरा!" रेमी बसूनच. हार्वीने खांद्याला हात लावला, तेव्हा तो दचकून उठला आणि बर्फावर झेपावला.

मनात जे आले होते ते खरे ठरावे असे मला वाटत नव्हते, आणि खोटे ठरावे असेही वाटत नव्हते. तिसरे सत्र मी जिन्याच्या पायरीवर उभ्याने काढले. हातमोजे काढत होतो, घालत होतो. रेमी उजव्या हाताने फटका मारतो, म्हणून प्रशिक्षकाने त्याला उजव्या अंगाला ठेवले होते. आणि उजव्या अंगाच्या खेळाडूला पुढे जाताना उजवीकडे फक्त फळी असते. सगळे सोबती डावीकडे. चकती हाती येण्याआधी तो झटकन मान वळवून डावीकडे बघून घ्यायचा. त्या वेळी कोणी दिसला, तर चकती अशी मऊ आणि नेमकी जायची की घेणाऱ्याला स्टिक हलवावी लागू नये. पण बघून झाल्यावर कोणी तिथे आला आणि त्याने कितीही ठकठक केली, तरी रेमीपुरता तो जगातच नसायचा.

सामना संपत आला असताना एक वेगळी गोष्ट घडली. धावपळीत रेमी मधोमध आला आणि त्याचा साथीदार फिरून त्याच्या उजवीकडे, थोडा मागे पोहोचला. त्याने स्टिक आपटली, एकदाच. रेमीने मान वळवली नाही, डोळाही हलवला नाही. मनगटाच्या उलट्या झटक्याने चकती मागे सोडली. गोल. सगळे रिंक उठून उभे राहिले. मी मात्र पहिल्या सत्रानंतर पहिल्यांदाच खाली बसलो.

डेल कोट चढवत माझ्याजवळून गेला. "एक पास दिला म्हणून साधू होत नाही कोणी. हावरा, वर मग्रूर. मी तर माझ्या साहेबाला नाही म्हणून कळवलंसुद्धा. तू?"

"माझी कॉफी राहिलीय," मी म्हणालो. पारखी एकमेकांना याहून जास्त सांगत नाहीत.

मुले कपडे बदलून बाहेर पडतात त्या बोळात मी थांबलो. रेमी आला, केस ओले, जबडा सुजलेला, खांद्यावर पिशवी. मी मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूला उभा होतो. तो पुढून जाताना मी म्हणालो, "रेमी, बुटाची नाडी सुटलीय तुझी."

तो तसाच पुढे गेला. मी झपझप चालत त्याच्या उजवीकडे गेलो. "रेमी, बुटाची नाडी सुटलीय."

तो लगेच थांबला. खाली वाकला. नाडी घट्ट बांधलेली होती. वाकलेल्या अवस्थेतच त्याने माझ्याकडे वर पाहिले, आणि त्याला सगळे कळले.

"कधीपासून?" मी विचारले.

"काय कधीपासून, सर?"

"डावा कान."

त्याने बोळात मागेपुढे पाहिले. "कुणी सांगितलं? आईनं?"

"रेषापंचाच्या शिट्टीनं."

"आठ वर्षांचा होतो. ताप आला होता. ताप गेला, कान घेऊन गेला."

"प्रशिक्षकांना माहीत आहे?"

"माहीत असतं तर खेळवलं असतं का त्यांनी?"

"आणि लोक हावरा म्हणतात, ते ऐकतोस?"

"उजव्या कानानं ऐकतो," तो म्हणाला. हसला नाही. "तुम्ही ऑल्सनसाहेबांचे ना? त्यांना सांगणार तुम्ही."

"आज त्यांना काहीतरी सांगायचंच आहे मला."

"मग हावराच सांगा ना, सर." त्याचा आवाज चिरकला. "हावरा सुधारतो. बहिरा सुधारत नाही."

"हावरा सांगितलं तर त्यांचं उत्तर नाही असेल. आणि खोटं चांगलं सांगून तुला तिथं धाडलं, तर आजच्यापेक्षा दुप्पट वजनाची मुलं डावीकडून अंगावर येतील. ते मी करणार नाही. पण डावीकडे खेळलास तर—"

"मला नकोय," तो म्हणाला. "सोडा ना. काही सांगूच नका." आणि पिशवी सावरत तो दाराबाहेर गेला.

मी बाहेर येऊन गाडीच्या इंजिनाची ऊब राखणारी तार खांबावरून सोडवली, गुंडाळली, चुकीची गुंडाळली म्हणून पुन्हा उलगडली. हो म्हणावे, तर मी मुलाला संकटात लोटत होतो. नाही म्हणावे, तर दोन दिवसांत डेलचा शब्द माझ्याही नावाने फिरला असता. खरे सांगावे, तर ते माझे नव्हते. ज्याचे होते त्याने नको म्हटले होते. गाडीत बसलो. फोन वाजला. पडद्यावर ऑल्सनचे नाव उमटले. मी तो वाजू दिला. थांबला. पुन्हा वाजला. तोही वाजू दिला.

शेजारचे दार उघडले. रेमी आत बसला आणि पिशवी मांडीवर घेतली. आमच्याकडे गाडीचे स्टिअरिंग डावीकडे असते; मी चालकाच्या जागी, म्हणजे नेमका त्याच्या डाव्या हाताला. त्याच्या ते लक्षात आले. तो आसनावर पुरता वळला, पाठ दाराला टेकवली आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागला.

"डावीकडे खेळलो तर काय? मघाशी म्हणालात ते."

समोरच्या काचेवर बाष्प धरले होते. मी बोटाने रिंक काढले, दोन रेषा ओढल्या आणि डाव्या काठाला एक ठिपका दिला. "हा तू. पुढे जाताना तुझ्या डावीकडे काय?"

"फळी."

"फळी तुला हाक मारते?"

तो काचेकडे बघत राहिला. "म्हणजे सगळे उजवीकडे," तो हळूच म्हणाला. मग त्याच्या कपाळावर आठी पडली. "आणि बचावाला परत येताना? तेव्हा बाजू उलटते की."

हा प्रश्न त्याने स्वतः विचारला, याचा मला झालेला आनंद मी चेहऱ्यावर दिसू दिला नाही. "उलटते. तेव्हा मान वळवावी लागेल."

"ती तर मी आताही वळवतो."

"पाहिलं मी. शिवाय तू उजव्या हाताचा. त्या बाजूला चकती पकडायला त्रास होईल, फटका मारायला बरं पडेल. शिकावं लागेल."

फोन तिसऱ्यांदा वाजला. मी त्याच्याकडे पाहिले. मी बोलू का, असे विचारायचे होते. पण त्याआधीच त्याने हात पुढे केला होता. फोन घेऊन त्याने उजव्या कानाला लावला.

"नाही साहेब, ते इथंच आहेत. मी रेमी पेल्तिए. मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. अजिबात नाही."

पलीकडे ऑल्सन काय म्हणत होता ते मला कळत नव्हते. संभाषणाची एकच बाजू माझ्या वाट्याला आली होती. बोटांनी मी स्टिअरिंगवर ताल धरला होता.

"आज शिट्टीनंतर फटका मारला, तोही त्यामुळंच... नाही, आईला माहितीय, प्रशिक्षकांना मीच सांगेन. उद्याच... डावीकडे. हो, हनात्युक सर तसंच म्हणतात... कधी खेळलो नाही... नाही साहेब, घाबरत नाही. म्हणजे, घाबरतो. पण बघून जातो." मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता. "हो. येतो."

त्याने फोन माझ्या हातात दिला. बंद झालेला होता.

"अल्बर्टावाल्याचं नाव आज नोंदवणार आहेत," तो म्हणाला. माझी बोटे थांबली. "माझंही नोंदवणार. मंगळवारी सरावाला दोघंही. मला डावीकडे उतरवून बघणार. वचन काही देत नाही म्हणाले."

"तो कुणालाच देत नाही. आणखी काय म्हणाला?"

"विचारलं, तो म्हातारा फोन का उचलत नव्हता, आहे कुठं."

"मग?"

"इथंच आहेत म्हटलं. सांगायला हवं होतं, माझ्या डाव्या बाजूला बसलेत. बोलत असतील काहीतरी."