खेचराची उजवी बाजू

वजनकाट्यावर माझी नोकरी खिडकीची आहे. गाडी काट्यावर चढली की आकडा बघायचा, चिठ्ठी फाडायची, पुढच्या गाडीला हात करायचा. बारा वर्षांत त्या खिडकीचा मला कधी त्रास झाला नव्हता. त्या सोमवारी मात्र समोरच्या आवारात एक गाडीवान आपल्या खेचराला साखळीनं मारत सुटला. चाक खड्ड्यात रुतलं होतं, त्यात त्या मुक्या जीवाचा काय दोष? मी सगळं बघितलं, आणि हातातली चिठ्ठी फाडून पुढच्याला दिली. तक्रार दुसऱ्याच कुणीतरी केली, म्हणून ते जनावर सुटलं.

दुसऱ्या दिवशी मी काचेला वर्तमानपत्र चिकटवलं. घास तोंडातल्या तोंडात फिरायला लागला. नवरा म्हणाला, विसरून जा. जणू विसरणं म्हणजे पंख्याचं बटण! मी अशी डाफरले की बिचारा दोन दिवस स्वतःचा चहा स्वतः करून घेत होता.

आमच्या वन्सं जनावरांच्या दवाखान्यात जखमा धुण्या-बांधण्याचं काम करतात. वीस वर्षांचा अनुभव आहे आणि तो त्या कुणाला विसरू देत नाहीत. शनिवारी सकाळी घरी येऊन त्यांनी माझं उतरलेलं तोंड बघितलं. तुझं ते खेचर आमच्याकडेच आहे, म्हणाल्या, एकदा समोर जाऊन बघ म्हणजे डोक्यातलं भूत उतरेल. मला मुळीच जायचं नव्हतं, पण वन्संपुढे कुणाची मात्रा चालत नाही.

खेचराच्या छातीवरची जखम चिघळली होती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की आज ती साफ झाली नाही तर जनावर हातचं जाईल. गुंगीचं इंजेक्शन द्यायलासुद्धा ते कुणाला जवळ येऊ देत नव्हतं. दाराबाहेरच्या कार्डावर कुणीतरी लिहून ठेवलं होतं: खुनशी.

वन्सं हळू आवाजात बोलत पुढे गेल्या. खेचर उधळलं, टापा फळीवर आदळल्या. त्या मागे आल्या, दम खाल्ला, पुन्हा गेल्या. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा निघाल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं की दर वेळी त्या डावीकडूनच जातायत. घोड्या-खेचराला डावीकडूनच हात लावायचा, ही त्यांच्या कामातली पहिली शिकवण. वीस वर्षांत त्यांचा पाय दुसरीकडे वळलाच नव्हता.

"वन्सं, त्या बाजूनं नका जाऊ," मी म्हणाले. "तो डावीकडे उभा होता."

"कोण?"

"मारणारा. पहिल्यापासून शेवटपर्यंत. सतरा फटके."

वन्सं तिथूनच मागे फिरल्या. मग त्या लांबून वळसा घालून उजवीकडे गेल्या. खेचराचे कान हलले. अंग थरथरत होतं, पण पाय जागचे हलले नाहीत. वन्संनी जखमेला ओला कापूस लावला आणि मानेनंच मला बोलावलं. मी त्याच्या मानेवर हात ठेवला, तर त्यानं आपलं जडशीळ डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. सबंध भार टाकला.

माणसानं याची एक बाजू फोडून काढली होती, आणि यानं दुसरी अजून माणसांसाठी ठेवली होती! एवढं कुठून आणतात ही जनावरं? मला तर नवऱ्याचा एक शब्द दोन दिवस पचला नव्हता.

वन्संनी जखमेवरून नजर न काढता विचारलं, "वहिनी, अजून काय काय बघितलंस? सगळं सांग. याच्या उपयोगाचं आहे."

पाच दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. डोळे घळाघळा वाहत होते, तरी मी पहिल्या फटक्यापासून सांगायला लागले. खांद्यावरचं डोकं तसंच राहिलं.