शेवटचा क्लोरीन

चौदा एप्रिल, जयंतीची सुट्टी, तरी रूपाली सकाळी शहरातल्या कोठी भागाजवळच्या लॅबमध्ये गेली, ती फक्त मशीन बंद करायला. जाता जाता तिनं पाण्याच्या नमुन्याचा आलेख पाहिला. जिथं काहीच असायला नको, तिथं एक उंच टोक होतं.

नमुना तिच्या माहेरच्या बस्तीतल्या बोअरचा होता, सिकंदराबादच्या पलीकडे, कारखान्यांच्या मागचा. कारखान्यांतून झिरपलेल्या ट्रायक्लोरोएथिलीन या रसायनानं ते पाणी नासलं होतं, म्हणून हिच्याच चमूनं जमिनीत जिवाणू सोडले होते. त्यांची विकरं, म्हणजे एन्झाइम, त्या रसायनाचे तीन क्लोरीन अणू एकेक करून तोडतात. तिन्ही तुटले की भीती संपली. पण शेवटचा तोडणारं विकर मोजक्याच जिवाणूंकडे असतं. ते तगले नाहीत की काम तिथंच अडतं, आणि उरतं ते व्हिनाइल क्लोराइड, मूळ विषाहून वाईट, माणसाचं यकृत पोखरणारं. आलेखावरचं टोक त्याचंच होतं. पाण्याकडे बघून कुणाला काही कळत नाही.

आणि लॅबची रीत काय, तर आधी मूळ रसायन तेवढं मोजायचं! ते शून्यावर आलं तेव्हा ही बया इतकी हरखली, की बाकीच्या तपासण्यांची वाटसुद्धा न बघता घरी फोन करून मोकळी झाली, "बाबा, पाणी साफ झालं." तिच्या वडिलांनी, देवरावांनी, त्याच संध्याकाळी बोअरचं कुलूप काढलं. आज तर त्यांनी जयंतीची पाणपोई त्याच पाण्यावर लावली होती.

तिनं फोन लावला. कुणी उचलेना, बस्तीत भोंगे लागलेले, कुणाला ऐकू येणार? ती ऑटोत बसली. आता कुणीतरी पेला तोंडाला लावत असेल, आता आणखी कुणीतरी, एवढंच तिला दिसत होतं.

निळ्या मांडवाखाली रांग होती. पांढऱ्या सदऱ्यातले देवराव स्वतः पेले भरून देत होते आणि येईल त्याला सांगत होते, "माझ्या पोरीनं साफ केलेलं पाणी आहे, प्या पोटभर."

"बाबा, थांबा. कुणाला देऊ नका."

"काय झालं गं? जरा दम खा, पाणी पी."

"त्यात विष आहे, बाबा. पहिलं गेलं, पण त्याच्यातनं दुसरं तयार झालंय. माझं चुकलं. पूर्ण तपासायच्या आधीच मी सांगून बसले."

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "क्या हुआ देवरावभाई, पानी देव ना." देवरावांनी हातातला पेला खाली ओतला. मग रांजण आडवा केला. पाणी रांगेतल्यांच्या चपलांपर्यंत गेलं.

"नक्को, कुणी पिऊ नका," ते म्हणाले. मग त्यांनी तेच पुन्हा मोठ्यानं सांगितलं. "पोरगी म्हणते, खराब आहे."

लोक पांगू लागले. रूपालीची भावजय श्रुती मात्र खांबाला टेकून उभी होती. सातवा महिना लागलेला. तिनं पदर पोटावर ओढून घेतला.

"ताई, तुमचा फोन आल्यापासून मी हेच पाणी पितेय," ती हळूच म्हणाली. "आधी विकतचं आणायचो. बाळाला काही होणार नाही ना?"

रूपालीनं तोंड उघडलं. पुन्हा एकदा घाईनं धीर द्यावा, असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं.

"मला माहीत नाही, श्रुती," ती म्हणाली.